मोटारीचे सुकाणू घरी उतरवताना



ज्या व्यासपीठावरून आत्मा, अर्थकारण आणि आंतरराष्ट्रीय राजकारण यांवर बोलले जाते, त्याच व्यासपीठावर एक पाना आणि एक जुने चाक घेऊन उभे राहावयाचे म्हणजे थोडा संकोच वाटणारच. हे टेबलावरचे चाक पाहून मघाशी एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, ‘आज जादूचे प्रयोग आहेत काय?’ जादू नाही. मोटारीचे हे चाक गाडीवरून सुखरूप कसे उतरवावे आणि पुन्हा सुखरूप कसे बसवावे, एवढाच आजचा विषय आहे. शुद्ध मराठीत याला सुकाणूचक्र म्हणतात. आपल्या नागपुरात त्याला सगळे ‘स्टेरिंग’ म्हणतात, आणि आम्हीही घरी तेच म्हणतो.

विषय क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी एक विचार करावा. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सोळा मीटरांहून अधिक अंतर तोडते. त्या गाडीला दिशा देणारे सगळे सामर्थ्य आपल्या दोन हातांतून ज्या वस्तूत उतरते, ती वस्तू एका नटाने धरलेली असते. चार चाकांना प्रत्येकी चार-पाच नट असतात; या पाचव्या चाकाला एकच.

हे चाक मोटारीबरोबर जन्माला आले नाही. पहिल्या मोटारींना नावेच्या सुकाण्यासारखा एक दांडा असे; तो डावीकडे-उजवीकडे ढकलावयाचा. १८९४ साली पॅरिस ते रूआँ ही मोटारींची प्रसिद्ध स्पर्धा झाली, तेव्हा व्हाशरॉन नावाच्या फ्रेंच गृहस्थाने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी चाक लावले होते. वेग वाढला तसा दांडा खड्ड्याच्या एका धक्क्याने हातातून निसटू लागला, आणि मग सर्वत्र चाक आले. बैलगाडीच्या कासऱ्यापासून येथवरचा प्रवास मोठा मौजेचा आहे. पण त्यात शिरलो तर अध्यक्षमहाराज घंटा वाजवतील.

आपल्याकडे हे चाक घरोघरी पोचले ते दोन गाड्यांमुळे. एक उत्तरपाड्याची अँबॅसॅडर आणि दुसरी आपल्या कुर्ल्याची फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९६४ पासून तिची अकराशे डिलाइट ही गाडी रस्त्यावर आली. १९७४ मध्ये तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या टॅक्सी म्हणून ती पुढे किती वर्षे धावली हे आपण जाणताच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. आमच्या वडिलांचीही एक पद्मिनी होती, आणि आजच्या व्याख्यानाचा अधिकार आम्हांला तिच्यामुळेच प्राप्त झाला आहे. अधिकार म्हणजे काय, तर आम्ही ज्या चुका केल्या त्या.

१९९१ च्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे महिना येथे बसलेल्यांना सांगावयास नको. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि २०२४ साली तर एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवून सगळ्या देशाला घाबरवले. मागाहून निष्पन्न झाले की उन्हाने नव्हे, यंत्रच बिघडले होते. असो. तर त्या मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, सगळी गल्ली कूलरसमोर निजली असताना आमच्या पद्मिनीचा हॉर्न आपोआप वाजू लागला, आणि थांबेना. वडील बनियनवर बाहेर आले, शेजारचे आले, समोरच्या आजीबाई तर भोंगा झाला की काय म्हणून विचारू लागल्या. आम्ही बॅटरीची वायर ओढून काढली तेव्हा कुठे शांतता झाली.

दोष साधा होता. अशा जुन्या गाड्यांत चाकाच्या मागच्या अंगाला पुष्कळदा एक तांब्याची किंवा पितळेची कडी असते आणि तिला टेकणारी एक स्प्रिंगदार पट्टी असते. चाक कितीही फिरले तरी पट्टी कडीला टेकूनच राहते आणि हॉर्नची वीज तेथून जाते. उन्हाने मधल्या बटणाचे प्लास्टिक वाकले, आतली पट्टी भलतीकडे टेकली आणि हॉर्न वाजत राहिला. दुरुस्तीसाठी चाक उतरवणे भाग होते. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे आम्हांला सगळे काही येत होते.

आम्ही मधले बटण डिसमिसने उचकटले, आतला मोठा नट काढला, आणि चाक ओढले. ते हलेना. पाय डॅशबोर्डला लावून ओढले. तरी हलेना. मग आम्ही हातोडा आणला आणि मागच्या बाजूने ठोकू लागलो. तो आवाज ऐकून शेजारचे काका आले. ते गिरणीत आयुष्यभर फिटर होते. त्यांनी आमचा हात धरला आणि म्हणाले, ‘काहून ठोकून राह्यला बाप्पा? थे काही खुटा नोहे.’ त्या दुपारी काकांनी आम्हांला जे शिकवले ते आज आम्ही आपल्यासमोर मांडणार आहोत. त्यात पुस्तकातले थोडे मागाहून मिसळले आहे, पण गाभा त्यांचाच.

चाक ओढून का निघत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. चाकाच्या मध्यभागी जे भोक असते ते गुळगुळीत नसते. हे पाहा, याला आतून बारीक दाते आहेत. तसेच दाते दांड्याच्या टोकावर असतात आणि दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. पुष्कळ गाड्यांत हे टोक किंचित निमुळते असते, त्यामुळे नट आवळला की चाक त्यावर पाचरीसारखे रुतते. वीस वर्षांचा गंज आणि ग्रीस त्यात मिसळला म्हणजे ते निघणार कसे?

म्हणून पहिला नियम हा की नट पूर्ण काढावयाचा नाही. चार-पाच आटे सैल करावयाचा आणि तिथेच ठेवावयाचा. चाक रुतलेले असते, सुटते तेव्हा एकदम सुटते, आणि सारा जोर लावून ओढणाऱ्याच्या तोंडावर येऊन आदळते. नट जागेवर असला तर ते बोटभर पुढे येऊन अडते. आम्ही त्या दिवशी नट काढून खिशात ठेवला होता. चाक सुटले असते तर आज आमचे उच्चार आपल्याला इतके स्पष्ट ऐकू आले नसते.

दुसरा नियम खुणेचा. नट सैल करण्यापूर्वी गाडीची पुढची दोन्ही चाके अगदी सरळ असली पाहिजेत, आणि स्टेरिंगही सरळ. मग दांड्याच्या टोकावर आणि चाकाच्या तोंडावर समोरासमोर एक रेघ मारावी. ऑइलपेंटची असो की कानशीच्या कोपऱ्याची. पुष्कळांना वाटते, ‘एवढे काय, अंदाजाने बसवू.’ समजा छत्तीस दाते आहेत. एक दाता चुकला म्हणजे दहा अंश चुकले. गाडी सरळ चालते आणि चाक वाकडे दिसते. वळणानंतर इंडिकेटर आपोआप बंद व्हावयाचा तो एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा बंद होतो.

याच्या उलटही घडते. गाडी खड्ड्यात आदळली, त्यानंतर स्टेरिंग वाकडे दिसू लागले, की लोक चाक काढून एक-दोन दाते सरकवून सरळ बसवतात. बसवले की डोळ्यांना समाधान मिळते. पण खाली एखादा दांडा वाकलेला असतो किंवा पुढच्या चाकांची मांडणी बिघडलेली असते, आणि ते दुखणे तसेच राहते. तापाच्या रोग्याचा थर्मामीटर बदलण्यापैकी हा प्रकार आहे. काल सरळ असलेले चाक आज वाकडे दिसत असेल तर त्याला हात लावू नये. गाडी अलाइनमेंटला न्यावी.

आता चाक सोडवण्याची रीत. काकांनी आम्हांला सीटवर बसवले, दोन्ही गुडघे चाकाच्या खालच्या कडेला मागून लावावयास सांगितले, आणि दोन्ही हातांनी चाकाच्या डाव्या-उजव्या कडा धरून आळीपाळीने आपल्याकडे ओढावयास सांगितले. एकदा डावी, एकदा उजवी. हिसका नाही, हेलकावा. दात्यांवर आधी थोडे गंज काढणारे तेल सोडून अर्धा तास थांबलो होतो. आठ-दहा हेलकाव्यांत ‘टक्’ असा आवाज आला आणि चाक नटावर येऊन टेकले. जेथे इतक्यानेही सुटत नाही तेथे पुलर लावावा. पुष्कळ चाकांच्या मध्यभागी त्यासाठीच दोन आटेदार भोके ठेवलेली असतात. पुलरचे दोन बोल्ट त्यांत जातात, मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर टेकतो आणि पान्याने आवळत गेले की चाक सावकाश वर येते. भाड्याने मिळाला तर भाड्याने घ्यावा, पण हातोडा घेऊ नये.

हातोड्याविषयी आमचा एवढा राग का, तेही सांगतो. जुन्या गाड्यांत सुकाण्याचा दांडा हा एक सरळ लोखंडी भाला असे. गाडी समोरून आदळली की तो भाला मागे येऊन चालकाच्या छातीत घुसे. अशी किती माणसे गेली असतील! १९६७ सालच्या आपल्या गाड्यांपासून अमेरिकेच्या जनरल मोटर्सने आघात झाल्यास स्वतःच आत दुमडणारा दांडा बसवावयास सुरुवात केली, आणि पुढे तो सर्वत्र आला. तो दुमडावा म्हणून त्यात काही जोड मुद्दाम नाजूक ठेवलेले असतात. कित्येक गाड्यांत तर प्लास्टिकच्या खिळ्या असतात. हातोड्याच्या चार घावांनी त्या तुटतात, दांडा खुळखुळू लागतो, आणि तो कशामुळे हे कोणाला कळतही नाही. असाच एक मोह कुलपाचा. किल्ली काढली की सुकाणूला कुलूप लागते, मग त्याच्याच जोरावर नट फिरवावा असे वाटते. तसे करू नये, आतली खिट्टी तुटते. चाक दुसऱ्या माणसाने हाताने धरून ठेवावे.

काका संध्याकाळी घरी गेले. हॉर्नची पट्टी सरळ झाली होती, कडी घासूनपुसून लखलखीत झाली होती. चाक बसवण्याचे काम सोपे म्हणून ते आम्ही एकट्याने करावयास घेतले. रेघेला रेघ जुळवली, चाक दात्यांत सरकवले, वायसर घातला, नट बोटांनी फिरवून टेकवला. पाना हातात घेतला, तोच आतून हाक आली. पाहुणे आले होते, आणि आमरस झाला होता. आम्ही म्हटले, परत येऊन आवळू. आणि कोणी नट पळवू नये म्हणून हॉर्नचे बटण मात्र जागच्या जागी दाबून बसवून गेलो.

श्रोतेहो, त्या बटणाखाली काय आहे ते बाहेरून कोणालाही दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आईला घेऊन सीताबर्डीवर निघाले. आम्ही झोपलो होतो. व्हरायटी चौकाच्या अलीकडे वडिलांना हातातले चाक किंचित वरखाली डुलल्यासारखे वाटले. आधी त्यांना वाटले, रस्ता खराब आहे. मग वळण घेताना चाक त्यांच्याकडे सरकले. त्यांनी गाडी कडेला घेतली, बटण उचकटले, आणि पाहिले तर नट तीन आटे वर आला होता. गाडीत पाना नव्हता. त्यांनी रुमाल गुंडाळून नट पकडीने जेवढा बसेल तेवढा आवळला आणि पायी चालण्याच्या वेगाने गाडी घरी आणली. आईने आम्हांला पुष्कळ वर्षांनी सांगितले की त्या सगळ्या वाटेत ते एक शब्दही बोलले नव्हते. घरी आल्यावर त्यांनी आम्हांला उठवले, पाना हातात दिला आणि म्हणाले, ‘आवळ. मी इथे उभा आहे.’

तेव्हा तिसरा नियम आमच्या पदरचा आहे. नट शेवटपर्यंत आवळल्याशिवाय बटण बसवावयाचे नाही. मध्येच उठावे लागले तर बटण आणि किल्ली दोन्ही खिशात घालून उठावे. आणि आवळावयाचा म्हणजे किती, ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. लहान गाड्यांत ते बहुधा तीस ते पन्नास न्यूटन-मीटरच्या घरात असते. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलो वजन टांगले तर साधारण दहा न्यूटन-मीटर होतात; त्यावरून अंदाज येईल. पण अंदाज हा अंदाजच. टॉर्क पाना नावाचे हत्यार मिळते, ते बरोबर मापाला ‘कट्’ करते. या कामापुरते ते मागून आणावे. ज्या गाडीच्या पुस्तकात नवा नट वापरा म्हणून लिहिले असेल तेथे नवाच वापरावा. पुन्हा सैल होऊ नये म्हणून काही नटांची घडण एकदाच घट्ट बसण्यासाठी केलेली असते.

येथवर आपण जुन्या गाड्यांविषयी बोललो. आता या विषयातला खरा धोका. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीत चाकाच्या मध्यभागी बटण नाही, एअरबॅग आहे. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारीत चालकासमोर ती सक्तीची झाली, पुढे शेजारच्या आसनासमोरही आली. आपल्या नागपूरचे नितीन गडकरी यांच्याकडे रस्तेवाहतुकीचे खाते असताना, २०२२ साली सहा एअरबॅगांच्या नियमाचा मसुदाही निघाला होता. २०२३ मध्ये तशी सक्ती करणार नसल्याचे त्यांनीच जाहीर केले. त्या वादात आम्ही पडत नाही. आम्हांला सांगावयाचे ते असे की ही पिशवी म्हणजे उशी नव्हे. तिच्या मागे रासायनिक दारू भरलेली असते. विजेची एक ठिणगी मिळाली की ती पेटते आणि सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांशांत पिशवी फुगते. डोळ्याची पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. पट्टा लावून, हातभर अंतरावर बसलेल्या चालकाला ती वाचवते. तिच्यावर ओणवे होऊन पाना फिरवणाऱ्याला ती वाचवत नाही.

जपानच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगांची हकीकत पुष्कळांनी वाचली असेल. त्यांतली दारू वर्षानुवर्षांच्या उष्म्याने आणि दमटपणाने बिघडली, फुगताना धातूचे डबे फुटून तुकडे उडाले, माणसे दगावली. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यांत भारतातल्याही होत्या. २०१७ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. आपली गाडी अशा यादीत आहे काय हे विक्रेत्याकडे गाडीचा क्रमांक देऊन विचारता येते, आणि ते काम फुकट होते. ते अवश्य करावे.

आमचे स्पष्ट मत असे की एअरबॅगच्या गाडीचे चाक घरी उतरवू नये. आम्ही स्वतः उतरवत नाही. तथापि ज्यांना करावयाचेच आहे, किंवा मेकॅनिक करीत असताना शेजारी उभे राहून पाहावयाचे आहे, त्यांना काय पाहावे ते ठाऊक असावे. आधी किल्ली बंद, मग बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडावयाची. ऋणच आधी का? पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही म्हणून. मग थांबावयाचे. अपघातात बॅटरी तुटली तरी पिशवी फुगावी म्हणून तिच्या यंत्रणेत थोडी वीज साठवून ठेवलेली असते, ती ओसरावी लागते. कोणाच्या पुस्तकात एक मिनिट असते, कोणाच्या दहा, कोणाच्या त्याहून अधिक. जो मेकॅनिक वायर काढताच पाना लावतो त्याला चहा पाजावा. तेवढाच वेळ जातो.

पिशवीचा डबा सुटला की त्याची पिवळी वायर अलगद काढावी आणि तो नेताना झाकण अंगापासून दूर धरावे. ठेवताना झाकण वर असावे आणि त्यावर काही ठेवू नये. उलटा ठेवला आणि पेटला तर तो डबाच छताला जाईल. विजेचे मीटर त्याला कधीही लावू नये, मीटरच्या इवल्याशा विजेनेही तो पेटू शकतो. आणि नागपुरात सांगावयाचे म्हणजे, तो उन्हात ठेवू नये.

आणखी एक वस्तू आत असते. जुन्या कडीच्या जागी आता घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पातळ फीत असते. चाक दोन्हीकडे फिरावे एवढी तिची लांबी. चाक काढलेले असताना ती फिरली किंवा खालची चाके कोणी वळवली, की तिचा मध्य चुकतो. बसवल्यावर सगळे ठीक दिसते. पण एक दिवस पुरते वळण घेताना फीत तुटते, हॉर्न बंद पडतो, एअरबॅगचा लाल दिवा लागतो, आणि पिशवी वेळेला फुगत नाही. म्हणून चाक निघताच त्या फितीचे घर चिकटपट्टीने जागच्या जागी बांधून ठेवावे. फिरलेच तर कंपनीच्या पुस्तकातल्या रीतीनेच मध्यावर आणावे, अंदाजाने नाही. सगळे बसवून झाले की बॅटरी जोडताना आणि पहिल्यांदा किल्ली फिरवताना कोणी चाकासमोर तोंड घेऊन बसू नये. दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा विझला नाही, तर गाडी बाहेर काढू नये.

समोरून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. एका भगिनींनी विचारले आहे, दसऱ्याला चाकाला झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो, ते चालेल काय? माळ चालेल, गाडी हलण्यापूर्वी काढावी. हळदकुंकू खुशाल वाहावे. मात्र एअरबॅगच्या झाकणावर गणपती चिकटवू नये. पिशवी फुगताना देव अंगावर येतील. दुसरी चिठ्ठी एका वयोवृद्ध गृहस्थांची आहे. त्यांच्या अँबॅसॅडरच्या चाकाची कड उन्हाने तडकली आहे, चाक बदलावे की लुकण भरावे? आतला लोखंडी कणा शाबूत असेल, गंजाने खाल्लेला नसेल, तर लुकण भरून, घासून, रंगवून काम होते. त्याला चाक उतरवावेही लागत नाही. पण चाकाचे आरे जेथे कण्याला मिळतात तेथे तडा असेल तर लुकणाचा उपयोग नाही, चाक बदलावे लागेल. रविवारी सकाळी ऊन चढण्यापूर्वी गाडी दाखवावयास आणली तर आम्ही पाहून सांगू. पाना आमच्याकडे आहे, आपण येताना फक्त गाडीचे पुस्तक आणावे.